आबिदजानची आवा

हवाबीला नोकरी मिळाली ती तिच्या चेहऱ्यामुळे आणि नावामुळे. स्वयंपाक येतो का, मुलं सांभाळली आहेत का, हे कुणी विचारलंच नाही.

त्र्याण्णव सालची गोष्ट. शारजात अल मजाजला जहूरभाईचं ऑफिस होतं. जहूरभाई श्रीवर्धनचा, घरकामाला बायका पुरवायचा. हवाबी राजपुरीची, मुरूडच्या खाडीकाठची. जातीनं सिद्दी. तिचे वाडवडील कधीकाळी आफ्रिकेतून जहाजानं आले, एवढंच तिला ठाऊक होतं. कुठल्या मुलखातून आले, काय भाषा बोलायचे, हे तिच्या आजीलाही सांगता येत नसे. हवाबीचा रंग काळाभोर, केस बारीक कुरळे, आणि तोंडात मुरूडकडची मराठी. नवरा लाँचवर खलाशी होता, तो काविळीनं गेला. मागे एकच मुलगी, सबा. तिला बहिणीकडे ठेवून हवाबी इकडे आली होती.

समोरच्या खुर्चीवर एक गोरी बाई बसली होती. हवाबीला पाहताच ती उभी राहिली.

"नाव?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"हवा," जहूरभाईनं सांगितलं. 'बी' त्यानं मुद्दामच गाळलं.

"आवा?" बाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

फ्रेंच माणसाच्या तोंडातून 'ह' निघत नाही, हे हवाबीला पुढे कळलं. बाई का रडली ते मात्र जहूरभाईनं लिफ्टमध्येच सांगितलं. ही मादाम दुलाक. नवरा पाण्याच्या पाइपलाइनवर इंजिनियर. नुकतेच ही मंडळी आफ्रिकेतल्या आबिदजानहून इथं बदलून आली होती. तिथं त्यांची छोटी मुलगी जन्मल्यापासून एका आयाच्या अंगाखांद्यावर वाढली. त्या आयाचं नाव आवा. तिला इकडे आणता आलं नाही. तेव्हापासून मुलगी धड जेवत नव्हती.

"तुला काही करायचं नाही," जहूरभाई म्हणाला. "फक्त उगी राहायचं. मुलीला वाटू दे."

"काय वाटू दे?"

"तीच बाई परत आली म्हणून."

"पण मी ती नाही."

"एवढ्याशा पोरीला काय कळतंय? चार दिवसांत रुळेल, मग सांगतील खरं काय ते. खलास."

दुलाकांचं घर अल ऐनला होतं, तिथं पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती वाळू. फ्रेंच कुटुंबांचं कंपाउंड गावाबाहेर होतं. उंच भिंत, फाटकावर पहारेकरी, आत एकसारखी घरं. गाडीतून उतरण्याआधी मादामनं पिशवीतून एक मोठ्या फुलांचं कापड काढलं आणि हवाबीच्या डोक्याला बांधलं. पुढे गाठ, मागे पीळ. आबिदजानच्या बायका तसं बांधतात म्हणे.

मुलीचं नाव क्लेर. ती जिन्यात उभी होती. बराच वेळ ती हवाबीकडे बघत राहिली, मग खाली आली, तिचा हात धरला, हात उलटासुलटा करून पाहिला. हवाबीला वाटलं, आता ओरडणार. पण मुलीनं तिला पायरीवर बसवलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ती झोपी गेली. मादाम भिंतीला टेकून रडत होती. हवाबीलाही रडू आलं, कारण सबाही लहानपणी अशीच झोपायची.

चार दिवस झाले, चार महिने झाले, खरं काय ते कुणी सांगितलं नाही. हवाबीनं एकदा विषय काढला. मादाम तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आत्ता नको, आत्ताच कुठे जेवायला लागली आहे. मग सांगितलं, शाळेत जायला लागू दे. मग विषयच निघाला नाही. मात्र नियम ठरत गेले. डोक्याचं कापड सोडायचं नाही. कंपाउंडमध्ये हिंदी बोलायचं नाही, मुलगी गोंधळेल. पाहुण्यांनी विचारलं तर 'आबिदजान' म्हणायचं. बैठकीत एक फोटो होता, तान्ह्या क्लेरला घेतलेल्या एका काळ्या बाईचा. चेहरा बाळाकडे वळलेला, नीट दिसत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला मादाम सांगायची, ही आमची आवा. हवाबी ट्रे घेऊन उभी असायची. पासपोर्ट वरच्या खोलीतल्या तिजोरीत होता. तो कफीलकडे, म्हणजे व्हिसा काढून देणाऱ्या मालकाकडेच असायचा, सगळीकडे तसंच होतं. फाटकाबाहेर बस जात नव्हती. जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

बागेत पाणी घालायला दोन माणसं येत. त्यातला एक गणू, माणगावकडचा. तो पाइप धरून जोडीदाराशी मराठीत बोलायचा आणि हवाबी दोरीवर कपडे घालताना ऐकायची. किती महिन्यांनी कानावर मराठी पडत होती. पण तो बोलायचा ते तिच्याबद्दलच. ही हबशीण रात्री अंधारात समोर आली तर माणूस मरेल, असं आणि याहून वाईट. ती ऐकून घ्यायची. शब्द घाणेरडे असले तरी भाषा ओळखीची होती, म्हणून ती कपडे मुद्दाम सावकाश घालायची. तिला स्वतःचीच लाज वाटे.

एक दिवस मादाम बाजारात गेली होती. हवाबी म्हणाली, "गणू, पाइप जरा तिकडं धर. धुतलेले कपडे भिजतायत."

पाइप गणूच्या हातातून पडला. पाणी सगळ्या वाटेवर पसरलं.

"तुम्ही..." तो एवढंच म्हणाला.

"राजपुरीची. तुझ्या माणगावाहून फार लांब नाही."

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून आला आणि म्हणाला, "मावशी, चुकलं." त्यानंतर टेलिफोनचं कार्ड आणून देणं, घरची खबर सांगणं, ही कामं तो न सांगता करू लागला. पण बोलायचं ते कुजबुजतच.

क्लेरकडून हवाबी फ्रेंच शिकली. क्लेरही तिच्याकडून काहीबाही उचलत होती. जेवताना "पुरे", पडली की "आई गं", झोप आली की "उचल". एकदा जेवायला पाहुणे होते तेव्हा क्लेर "पाणी दे" म्हणाली. पाहुणे खूष. बघा, पोरगी आफ्रिकन बोलते. मादामही हसली. हवाबीनं पाणी दिलं.

मोठी होत गेली तशी क्लेर आबिदजानच्या गोष्टी मागू लागली. माझं जन्मगाव कसं होतं, सांग. हवाबीनं आबिदजान नकाशातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. काय सांगणार? ती राजपुरी सांगायची. खाडी आहे, शिडाची होडी आहे, समुद्राच्या मध्यात एक किल्ला आहे, भरतीला त्याच्या दारापर्यंत पाणी येतं. नारळ आहेत. बायका डोक्यावर माशांच्या पाट्या घेऊन ओरडत जातात. क्लेर डोळे मोठे करून ऐकायची. हवाबीला सांगताना बरं वाटायचं, सांगून झालं की नाही. आपलं गाव आपण दुसऱ्याच गावाच्या नावावर करतो आहोत, असं वाटायचं.

ही गोष्ट पकडली कुंबानं.

कुंबा कंपाउंडच्या छोट्या शाळेत बाई म्हणून आली. उंच, काळी, सुरेख फ्रेंच बोलणारी, फ्रान्सचा पासपोर्ट असलेली. ती आल्यावर झालेल्या पहिल्याच पार्टीत एका बाईनं बोलता बोलता आपला रिकामा ग्लास तिच्या हातात दिला. कुंबानं तो घेतला, स्वयंपाकघरात आणून ठेवला, ओट्याला टेकून उभी राहिली आणि हवाबीकडे पाहून हसली. तिनं कुठल्याशा भाषेत काही विचारलं. हवाबीला समजलं नाही. ती मान खाली घालून बशा पुसत राहिली. कुंबाला वाटलं, ही मला टाळते.

पुढे एकदा शाळेत मुलांनी आपापल्या जन्मगावाची चित्रं काढली. क्लेरनं समुद्रातला किल्ला काढला. कुंबाची मावशी आबिदजानला असायची, कुंबा लहानपणी सुट्टीत तिथं गेलेली. दुपारी ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"हा किल्ला कुठल्या आबिदजानमध्ये आहे?"

हवाबीनं मागे पाहिलं. घरात कुणी नव्हतं. "माझ्या," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "मी हिंदुस्थानातली आहे. मी कधी आफ्रिका पाहिली नाही."

कुंबा आधी हसली. मग तिला ते खोटं वाटलं. मग हवाबीनं सगळं सांगितलं, आणि कुंबा पायरीवर बसली.

"मी फ्रान्समधल्या मार्सेयची," ती म्हणाली. "तिथंच जन्मले. आईबाप सेनेगलचे. रोज कुणीतरी विचारतं, कुठली तू? मार्सेयची म्हटलं की म्हणतात, ते झालं, पण खरी कुठली? सेनेगलला आजीकडे गेले तर गल्लीतली पोरं फ्रेंच बाई आली म्हणून मागे लागायची. वाटलं, इथं परक्या देशात तरी माझा पासपोर्ट बघतील. परवा फाटकावरचा विचारतो, कुठल्या घरात कामाला?"

"माझ्याशी मुंबईत लोक इंग्रजीत बोलतात," हवाबी म्हणाली. "इथं दुकानदार सुदानी समजून अरबीत. मराठीत बोलणारा एकच, तोही आधी शिव्या देऊन."

"मला निदान विचारतात, कुठली म्हणून," कुंबा म्हणाली. "तुला तर विचारायच्या आधीच, तू कुठली ते, सांगून टाकलंय."

त्या दिवसापासून कुंबा येऊ लागली. तिच्या आजीचंही नाव आवाच होतं. पण ती हवाबीला हवाबी म्हणायची, आणि 'ह' उच्चारताना घशातून फुंकर मारायची. दोघींना त्याचं हसू यायचं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात सबाचं लग्न ठरलं. मुलगा म्हसळ्याकडचा, जहाजावर कामाला, त्याची सुट्टी जुलैतच. हवाबीनं मे महिन्यातच मादामला विचारलं. मादाम म्हणाली, जुलैत आम्ही फ्रान्सला जाणार, घर आणि मांजर कोण बघणार? तू सप्टेंबरात जा. हवाबीनं पुन्हा सांगितलं की लग्न जुलैत आहे. "इन्शाल्ला, बघू," मादाम म्हणाली. हा एक शब्द तिनं इथं आल्यावर चांगला आत्मसात केला होता.

मंडळी गेली. तिजोरी बंद, किल्ली मादामच्या पर्समध्ये. सगळं कंपाउंड ओस पडलं. बाहेर पाय भाजेल असं ऊन, आत एसीचा आवाज आणि मांजर. हवाबी या खोलीतून त्या खोलीत जायची. डोक्याचं कापड तिनं काढून ठेवलं होतं, पण पहारेकरी फेरी मारायला आला की हात आपोआप कापडाकडे जायचा.

कुंबा त्या सुट्टीत घरी गेली नव्हती, आईशी तिचं बिनसलं होतं. ती म्हणाली, "ज्यानं तुला आणलं त्याच्याकडे जाऊ." आणि गाडी काढली.

अल मजाजला जहूरभाईचं घर ऑफिसच्याच इमारतीत होतं. दार त्याच्या बायकोनं, शहनाझनं उघडलं. दोघींना वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "भाई घर पे नहीं. कुछ नहीं चाहिए. यल्ला, यल्ला, जाओ."

"शहनाझभाभी, मी हवाबी. राजपुरीची."

शहनाझचा हात दारावरच राहिला. "अगो बाय, तू होय. मला वाटलं..."

काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. पण मग तिनं खूप केलं. बसवलं, सरबत दिलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण वाढलं. किती दिवसांनी ते कालवण. हवाबी एकेक घास सावकाश खात होती. जहूरभाई आतल्या खोलीतच होता, तो बाहेर आला. हवाबीनं सगळं सांगितलं. शहनाझची शाळेत जाणारी मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती.

"हे बघ हवाबी," जहूरभाई म्हणाला, "पासपोर्टच्या बाबतीत माझ्या हातात काही नाही. आणि तुला तिथून काढलं तर ते म्हणणार, अशीच दुसरी आण. मी कुठून आणू? अजून एक सांगतो, राग मानू नकोस. मुलाकडची माणसं आपली कोकणी मुसलमान. सिद्द्यांची मुलगी म्हणून आधीच कुरकूर चाललीये. सबा जरा उजळ आहे म्हणून निभावलं. तू मांडवात नाहीस तेच बरं आहे. सबाच्या दृष्टीनं म्हणतोय."

शहनाझ उगाच भाकऱ्यांवर फडकं टाकू लागली.

"काय म्हणतो तो?" कुंबानं फ्रेंचमध्ये विचारलं.

"म्हणतो, प्रयत्न करतो," हवाबी म्हणाली. "चांगला माणूस आहे."

कुंबानं इंग्रजीत जहूरभाईचे आभार मानले, प्रयत्न करणार आहात त्याबद्दल. सोफ्यावरची मुलगी टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट डॅड सेड."

हवाबीनं ताट बाजूला केलं आणि हात धुवायला गेली.

परतीच्या वाटेवर वाळूचे डोंगर लागले तेव्हा कुंबानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "आईला फ्रेंच यायचं नाही. तिच्याबरोबर मी ऑफिसांत जायची. काउंटरवरची बाई तिला मूर्ख म्हणाली की मी आईला आमच्या वोलोफ भाषेत सांगायची, बाई तुझ्या कपड्यांचं कौतुक करतायत." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आईला ते कळत असणार."

"कळत असतं," हवाबी म्हणाली.

निकाहाच्या दिवशी गणूनं तिला फाटकाबाहेरच्या टेलिफोन बूथपर्यंत सोबत केली. पलीकडे माणसांचा गलका होता. सबा आली. "अम्मा, नंतर कर ना," ती म्हणाली, "आता सगळे माझ्यासाठी थांबलेत." हवाबी कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली. पलीकडे कुणीतरी फोन ठेवायचा विसरलं होतं. बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

मंडळी परतली. मादामनं सबासाठी अत्तराची सुंदर बाटली आणली होती. कुंबा पासपोर्टबद्दल तिच्याशी बोलायला आली. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. मादामचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "मी तिला कधी रागावलेसुद्धा नाही. ती आमच्या घरचीच आहे." पुढच्या वर्षी शाळेनं कुंबाला पुन्हा घेतलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. जाताना ती हवाबीला मार्सेयचा पत्ता देऊन गेली. हवाबीला फ्रेंच लिहिता येत नव्हतं, आणि तिच्यासाठी लिहू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे क्लेर.

कुंबा गेली त्या हिवाळ्यात मादामनं हवाबीला महिन्याची सुट्टी दिली. पासपोर्ट स्वतः हातात ठेवला, विमानतळापर्यंत सोडलं. म्हणजे ती तेव्हा सुटू शकत होती. हे हवाबीनं पुढे स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. राजपुरीत बहिणीच्या घरी ती पाहुणी होती. सबा सासरी. हवाबी भेटायला गेली तर सबानं तिला मागच्या पडवीत बसवलं, चांगलं खाऊ घातलं, आणि सासू यायच्या आत निघायला सुचवलं. त्या आठवड्यात अल ऐनहून फोन आला. क्लेर रडत होती, कधी येतेस म्हणून विचारत होती. हवाबीला हाक मारणारं माणूस जगात तेवढंच उरलं होतं, आणि तेही दुसरीच्या नावानं. ती परत आली.

दोन हजार साली दुलाक कुटुंबाची फ्रान्सला बदली झाली. खोकी बांधणं चालू होतं. क्लेर आता उंच झाली होती, दातांना तार लावलेली. फोटो कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "मोठी झाले की आपण दोघी आबिदजानला जाऊ. तू मला सगळं दाखव. तू मला घेऊन कुठे उभी होतीस तेसुद्धा."

हवाबीच्या हातात बशा होत्या. त्या तिनं खाली ठेवल्या.

"ती मी नाही," ती म्हणाली.

"कोण?"

"फोटोतली. ती वेगळी बाई होती. तुला तिची फार आठवण यायची म्हणून मला आणलं. मी जे गाव सांगायची ते माझं, हिंदुस्थानातलं. माझं नाव हवाबी."

क्लेरनं कागद पुन्हा उलगडला. पुष्कळ वेळ बघत राहिली. हवाबीला वाटलं होतं, ही आपल्यावर चिडेल, नाहीतर गळ्यात पडेल. क्लेर म्हणाली, "मग ती कुठे आहे?"

"मला माहीत नाही, बाळा."

"तिला माहीत होतं का, आम्ही जाणार ते? तिनं मला शोधलं असेल?"

क्लेर फोटो घेऊन आईच्या खोलीत गेली. दार बंद झालं. आतून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं, मग रडणं, दोघींचं. त्यानंतर मादाम हवाबीशी कामापुरतंच बोलली. निघायच्या दिवशी क्लेर खाली आली, हवाबीच्या दोन्ही गालांना गाल लावले, आईच्या मैत्रिणींना लावायची तसे, आणि गाडीत बसली. एकदा मागे वळून पाहिलं. तेवढंच.

मादामनं जाताना एक मात्र केलं. हवाबीचा व्हिसा रद्द करून तिला घरी पाठवण्याऐवजी त्याच कंपाउंडमध्ये नव्यानं आलेल्या कुटुंबाच्या नावावर करून दिला. तोंड भरून शिफारस केली. हवाबीनं नाही म्हटलं नाही. राजपुरीतली ती पडवी तिला आठवत होती.

नव्या घरी ती डोकं उघडं ठेवून गेली. दारातच म्हणाली, "माझं नाव हवाबी. मी हिंदुस्थानातली आहे, महाराष्ट्रातली." फ्रेंच अगदी स्वच्छ होतं तिचं.

नवी बाई तरुण होती, स्वभावानं मोकळी. तिनं नीट ऐकून घेतलं, दोनदा नाव म्हणून पाहिलं. "किती छान," ती म्हणाली. "पण मुलांना 'आवा' सोपं जाईल, नाही का? दुलाकांकडे सगळे तेच म्हणायचे."

पहिले काही दिवस त्या नावानं हाक आली तर हवाबी ओ देत नसे. बाई दुसऱ्यांदा हाक मारायची, मग तिसऱ्यांदा जवळ येऊन सांगायची. बागेत गणूशी ती आता मोठ्यानं मराठीत बोलायची, आणि नवी बाई खिडकीतून हात हलवायची. तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मग एका सकाळी धाकटा मुलगा झोक्यावरून पडला. गुडघा फुटला, वाळूत रक्त आलं, आणि तो जिवाच्या आकांतानं "आवा, आवा" ओरडू लागला. हवाबी हातातलं काम टाकून धावत सुटली.